जलेबीला उचलू नका

ताई, तुम्ही गेलात आणि तासाभरात तुमचा नियम मोडला.

हॉलमध्ये तुम्हाला झोपवलं होतं, अंगणात माणसं जमत होती, आणि आपली कुत्री जलेबी पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत तुमच्याकडे निघाली होती. मागचं धड फरशीवरून घसरत येत होतं. ते बघून शेजारच्या शुक्लाभाभींनी तोंडाला पदर लावला, "हाय राम, इस बेचारी को तो देखो," म्हणाल्या आणि तिला सरळ उचलून कडेवर घेतलं. मी तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही असता तर घर डोक्यावर घेतलं असतंत. "खाली ठेवा तिला! पाय तिचे का तुमचे?" मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, की आता ओरडतील, आता उठतील. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मला कळलं नव्हतं, ह्यांनी माझा हात धरून "ताई गेली" म्हटलं तेव्हाही नाही. जलेबीला कोणीतरी उचललं आणि तुम्ही गप्प राहिलात, तेव्हा कळलं.

मग तेरा दिवस तिचा पाय कोणी जमिनीला लागू दिला नाही. नागपूरच्या मावशींनी तिला मांडीवर घेऊन शिरा भरवला. आपला मन्या पुण्याहून आला, तर तिला तान्ह्या बाळासारखी बागेत न्यायचा आणि आणायचा. "आई, आत्या की निशानी है," म्हणायचा. मराठी त्याला सगळी कळते, पण रडू आलं की हिंदीच येते. घरात ज्याला रडू आवरेना, तो उठे आणि जलेबीला उचलून घेई. रडणाऱ्याला कसं अडवायचं? तिला काय, सुख लागलं. तेराव्याची पानं उठल्यावर मी तिच्या पोटाखाली टॉवेल घातला आणि तुमच्यासारखं उभं करायला गेले, तर पोत्यासारखी कलंडली. पुढचे पायसुद्धा टेकायला तयार नव्हती. तोंड वर करून बघत राहिली, की उचल. इतक्या महिन्यांची तुमची मेहनत आम्ही सगळ्यांनी मिळून प्रेमानं पुसून टाकली, ताई. मला ओक्साबोक्शी रडू आलं.

तुमचं नि माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य. लग्न होऊन या घरात आले, तुमच्या पाया पडले, तर आशीर्वाद द्यायचं सोडून तुम्ही म्हणालात, "मंदा, खांदे मागे घे. पोक येईल." नव्या नवरीला! मुलींच्या शाळेत पीटी शिकवून शिकवून तुम्हाला समोर माणूस आला की आधी त्याची पाठ दिसायची आणि मग तोंड. लहान भावाच्या घरी राहणारी मोठी बहीण दबून राहते असं मी ऐकलं होतं. तुम्ही तर साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून घरभर फिरायचात आणि आम्हालाच दबवायचात. वरणात गूळ घालायचा की नाही, खिडकी उघडी की बंद, गणपती दीड दिवसांचा की पाच दिवसांचा, कशावरून भांडलो नाही आपण? मी गणिताची मास्तरीण. जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. माझं एक घाव दोन तुकडे, आणि तुमचं म्हणजे हरलेली मॅचसुद्धा शिट्टी वाजेपर्यंत हरलेली नसते. मधल्यामध्ये हे बिचारे पेपर तोंडासमोर धरून बसायचे.

एक जलेबी तेवढी आपल्या दोघींची होती. गल्लीतून तुम्हीच उचलून आणली होतीत, ओंजळीएवढी. खव्याच्या जलेबीसारखा काळपट तपकिरी रंग आणि तसंच वेटोळं शेपूट, म्हणून ते नाव. मी म्हटलं, मराठी घरात जिलबी म्हणा की. तुम्ही म्हणालात, "जबलपुरात जिलबी म्हटलं तं ती वळून पण नाही बघायची."

गेल्या थंडीत गच्चीवर ऊन खात बसली होती. माकडांची टोळी आली आणि ही बाई त्यांच्या मागे जिन्याच्या कठड्यावरून थेट खाली. पडली, उठली, आम्ही हसलोसुद्धा. संध्याकाळपर्यंत मागचे पाय गेले. मणक्यातली गादी सरकलीय म्हणाले दवाखान्यात, नस दाबली गेलीय. ऑपरेशनची वेळ बघता बघता निघून गेली. त्या दिवशी हे काय म्हणाले होते ते तुम्हाला आठवत असेलच. तुमच्या बाबांचं अंथरुणातलं सगळं ह्यांनी एकट्यानं केलं होतं, वर्षानुवर्षं, पाठीच्या जखमा धुण्यापर्यंत. त्या माणसाला लोळागोळा झालेला जीव बघवत नाही. "ताई," म्हणाले, "चालणार असेल तर ठेवू. नाही तं काहून हाल करायचे तिचे? इंजेक्शन देऊन टाकू. झोपेत जाईल."

तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता म्हणालात, "चालणार. चालणार नाही तं काय? मी चालवते."

आणि लागलात. सकाळी आधी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तिची पाठ शेकायची. मग कुशीवर झोपवून एकेक मागचा पाय हातात धरून सायकलसारखा फिरवायचा, सांध्यासांध्यातून, घाई न करता. मग पोटाखालून टॉवेल घालून उभं करायचं, घडी घातलेल्या गोधडीवर, म्हणजे तोल सांभाळायची सवय राहते. मग अंगणात झाडू आणि काठ्या आडव्या मांडायच्या आणि टॉवेलनं मागचा भार तोलत तिला त्या ओलांडायला लावायच्या. वर तुमची कवायत चालूच: "सावधान! कदमताल! शाब्बास बेटा!" शुक्लाभाभींची नातवंडं कुंपणावर बसून टाळ्या पिटायची.

शेवटची ती पंजाची परीक्षा मला बघवायची नाही. तुम्ही तिचा मागचा पंजा उलटा करून जमिनीवर ठेवायचात आणि थांबायचात. धड कुत्रं लगेच पंजा सरळ करतं, तुम्हीच सांगितलं होतं. जलेबी नुसती तुमच्याकडे बघायची. पंजा तसाच उलटा. तुम्ही वाट बघायचात, मग हातानं सरळ करायचात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, "पुरे की ताई. आराम करू द्या तिला." तुम्ही म्हणायचात, "आरामानंच माणूस मरतो मंदा. तू कणीक मळ."

डॉक्टरीणबाईंनी पाण्यातला व्यायाम सांगितला आणि तुम्हाला नर्मदाच आठवली. टब म्हणे लहान पडतो. गोहलपुरात बॅगा शिवणाऱ्याकडे तिच्यासाठी तरंगायचं जाकीट शिवायला टाकलंत. त्यानं विचारलं, "बच्ची की उमर?" तुम्ही म्हणालात, "नौ साल." त्यानं नऊ वर्षांच्या पोरीच्या मापाचं जाकीट शिवलं, बाह्यांची भोकं आणि गळ्याला लाल पायपिंगसकट. जलेबी त्यात बुडूनच गेली. मग तिलाच रिक्षात घालून त्याच्यापुढे उभी केलीत, तर तो भला माणूस हसला नाही. गुडघ्यावर बसून पुन्हा माप घेतलं आणि वर म्हणाला, "दीदी, बिटिया बोला तो मैं बिटिया ही समझा ना."

ग्वारीघाटाला गर्दीच्या पायऱ्या सोडून, नावाड्यांच्या पलीकडे, उथळ पाण्यात तुम्ही कमरेपर्यंत उतरायचात. जाकिटाची पट्टी तुमच्या हातात, मी काठावर टॉवेल घेऊन. एका परिक्रमावासी बाईनं हटकलं होतं, मैयात कुत्रं घालता म्हणून. तुम्ही हात जोडून "नर्मदे हर" म्हणालात आणि जलेबीचे मागचे पाय दाखवलेत. बाई खाली बसली, ओंजळीनं तिच्या पाठीवर पाणी सोडलं आणि आपल्या वाटेला लागली.

आणि आपलं ते भांडण. पाण्यात जलेबीचे मागचे पाय हलायचे. खरंच हलायचे, मागे-पुढे, मागे-पुढे. तुम्ही तिथूनच ओरडायचात, "बघ मंदा, चालून राहिली! पाय मारून राहिली!" मी म्हणायचे, "ती नाही मारत, पाणी मारतंय. प्रवाह आहे तो." तुम्ही म्हणायचात, "तुला काय कळतं? तू फळ्यावरची बाई." घरी येईपर्यंत भांडण, घरी आल्यावर ह्यांच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून. पाय जलेबी हलवते की नर्मदा? हे पेपरच्या मागून ऐकायचे. आपला निकाल काही लागला नाही.

एक मात्र झालं होतं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच म्हणतात. हिचं पडल्यापासून नळीत न घालताच सरळ झालं होतं, दोरीसारखं लोंबायचं. आणि होळीच्या सुमारास एक दिवस तुम्ही "अरे आओ! आओ रे सब!" म्हणून ओरडलात. आम्ही धावलो. शेपटाचं टोक हलत होतं. एवढंसंच, बोटभर. तुम्ही जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि तुमच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी तुम्हाला रडताना त्याआधी बघितलंच नव्हतं, ताई. मला वाटलं, हा आनंद आहे. हेही त्या दिवशी पहिल्यांदा पेपर खाली ठेवून म्हणाले, "अच्छा, जमतंय वाटतं."

तुम्ही गेलात त्या सकाळी घाटावरच निघाला होता. जलेबीला जाकीट चढवून झालं होतं. तुम्ही पायरीवर बसून बुटाची नाडी बांधायला वाकलात. मी आतून म्हटलं, "चहा घेऊन जा." तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तर मला राग आला. आदल्या दिवशीच्या भांडणाचा रुसवा अजून आहे असं वाटलं. कपात चहा ओतून बाहेर आले, तर तुम्ही तशाच वाकलेल्या. जलेबी तुमच्या गुडघ्याला नाक लावून बसली होती.

दहाव्याला बायका घाटावर जात नाहीत म्हणे. मी गेले. पिंड ठेवले, सगळे मागे सरले, आणि कावळा येईना. झाडावर होते बसलेले, पण खाली उतरेनात. मग सुरू झालं. मन्या म्हणाला, आत्या, मी दर दिवाळीला येईन. मावशी म्हणाल्या, गणपती पाच दिवसांचाच राहील. कावळा ढिम्म. हे पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "ताई, जलेबीला त्रास होऊ देणार नाही." त्या वाक्याचा अर्थ मला एकटीला कळला. कावळ्यांनी मानही वळवली नाही. मग मावशींनी मला कोपरानं ढोसलं, "मंदा, तू बोल. तुमचं दोघींचंच काही राहिलं असेल." काय बोलायचं ते मला पक्कं माहीत होतं, ताई. "जलेबी चालेल, मी चालवीन." एवढे चारच शब्द. पण माझा त्यावर विश्वास नव्हता, आणि तुमच्या पिंडासमोर उभं राहून खोटं कसं बोलू? मी नुसते हात जोडले आणि मागे सरले. गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

पाहुणे गेले. घर मोकळं झालं आणि तुमचं नसणं सगळीकडे पसरलं. खिडकी मला हवी तशी बंद होती. वरणात मला हवा तेवढा गूळ होता. घास उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "मंदा, आता तिचं काय ते करू. ताई होती तोवर ठीक होतं. तू हो म्हण, मी उद्या डॉक्टरला घरी बोलावतो." माझ्याकडे बघून नाही म्हणाले, भिंतीकडे बघून म्हणाले. क्रूर नाहीत हे, तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "एकदा तिच्या डॉक्टरीणबाईला विचारून येते. चालणार आहे की नाही, सरळ विचारते."

ती सिहोऱ्याची पोरगी, तुम्ही जिला "हमारी डॉक्टरनी" म्हणायचात, तिला तुमचं कळलंच नव्हतं. मी सांगितलं तर खुर्चीत बसली आणि डोळे पुसत राहिली. मग जलेबीला टेबलावर घेतलं, पंजा चिमटून बघितला, पाय वाकवून बघितले. मी विचारलं, "बेटा, साफ बताओ. ये चलेगी?"

ती माझ्याकडे चमकून बघत राहिली. "आंटी, बुआजी ने घर में बताया नहीं? मैंने तो होली पर ही बोल दिया था. अपने पैरों पर नहीं चल पाएगी. पूँछ हिल जाए, पैर में झटका आ जाए, वो अलग बात है."

"तो फिर ये सब कसरत किसलिए?"

"ताकि जोड़ न अकड़ें, घाव न हों, आगे के पैर मज़बूत रहें. इसको दर्द नहीं है आंटी, देखिए कैसी खुश है. कसरत होती रही तो सालों जिएगी. बंद हुई, तो वही होगा जिससे अंकल डरते हैं." आणि मग जलेबीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बुआजी बोली थीं, घर में किसी से मत कहना."

परत येताना रिक्षात मी तुम्हाला मोठ्यानं शिवी दिली. रिक्षावाल्या भैयानं आरशातून बघितलं. होळीपासून! म्हणजे तुम्ही जमिनीवर बसून रडत होता तेव्हा ते आनंदाचं रडणं नव्हतं. पंजा उलटा करून वाट बघायचात तेव्हा तो सरळ होणार नाही हे माहीत असून वाट बघायचात. आणि घाटावर "चालून राहिली" म्हणून माझ्याशी तावातावानं भांडायचात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की पाय नर्मदाच हलवतेय. मीच बरोबर होते. मग घरी येऊन ह्यांच्यासमोर तेच भांडण पुन्हा का उकरायचात, ते मला त्या रिक्षात समजलं. ते भांडण माझ्यासाठी नव्हतंच. पेपरच्या पलीकडे ऐकू जावं म्हणून होतं. तुम्ही मला हरवत नव्हता, तुमच्या भावाला धरून ठेवत होता.

मला का नाही सांगितलंत? हा एक प्रश्न मला दिवसभर टोचतो. एका घरात इतकी वर्षं, एका चुलीवर, आणि तुम्ही हे ओझं एकटीनं वाहिलंत, मी समोर काठावर टॉवेल घेऊन उभी असताना. वाईट वाटतं हो, फार वाईट वाटतं. आणि उत्तर मला माहीत आहे. मी सांगून टाकलं असतं. जे आहे ते आहे म्हणणारी मी, पहिल्या जेवणाला बोलून मोकळी झाले असते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर इंजेक्शन घेऊन दारात. तुम्ही मला ओळखून होता. एवढं ओळखणारं माणूस मला आता कुठे मिळायचं?

रिक्षा थांबली तेव्हा हे फाटकातच उभे होते. जलेबीला आत आणली, चटईवर ठेवली. हे चष्मा पुसत होते, पुसून झालेला पुन्हा पुसत होते. म्हणाले, "काय म्हणाली ती?"

तुमच्या भावाशी मी आजवर भाजीच्या मिठाबद्दलसुद्धा खोटं बोललेली नाही. तो त्याचा भरवसा आहे, मंदा बोलली म्हणजे तसंच असणार. त्या भरवशावर मी पाय ठेवला, ताई.

"चालेल म्हणाली," मी म्हटलं. "वेळ लागेल. पण ताईंनी अर्धं काम करून ठेवलंय, आता बंद करू नका म्हणाली."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग चटईवर जलेबीशेजारी बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तुम्ही गेल्यापासून जे रडले नव्हते ते रडायला लागले. "ताई म्हणतच होती," म्हणाले. "म्हणतच होती बिचारी. मीच ऐकून नाही राहिलो."

मी पाणी तापवायला आत आले. पातेलं गॅसवर चढवलं, तिची पाठ शेकायचं फडकं काढलं. आता रोज सकाळी मी तिचे पाय फिरवीन आणि हे दारातून विचारतील, "काही फरक?" रोज मला ह्यांच्या डोळ्यांत बघून हो म्हणावं लागेल. तुम्ही हे महिनोन्‌महिने कसं निभावलंत, ताई? एवढं एक शिकवून जायला हवं होतंत.